शांतिसेनेची उसनी काठी

३० मे १९९२ या दिवशी कंबोडियाच्या पश्चिम भागात, पैलिनजवळच्या एका रस्त्यावर बांबूची एक काठी आडवी टाकलेली होती. पलीकडे ख्मेर रूज या कंबोडियातल्या कम्युनिस्ट बंडखोर गटाचे दोघे-चौघे पोरसवदा बंदूकधारी उभे होते. अलीकडे संयुक्त राष्ट्रसंघाच्या कंबोडियातील मोहिमेचे प्रमुख यासुशी अकाशी आणि तिचे सेनापती लेफ्टनंट जनरल जॉन सँडरसन यांच्या गाड्या थांबल्या होत्या. या मोहिमेला सुमारे १६ हजार सैनिक, साडेतीन हजारांवर पोलीस आणि दीड अब्ज डॉलरहून अधिक खर्च मंजूर झालेला होता. त्या काठीपलीकडचा मुलूख पाहण्याचा अधिकारही तिला १९९१ च्या पॅरिस शांतता कराराने, म्हणजे ख्मेर रूजच्याच सहीने, मिळालेला होता. पोरांनी पुढे सोडण्यास नकार दिला. थोडी बोलाचाली झाली आणि ताफा मागे वळला.

ही बांबूची काठी पुढे फार प्रसिद्ध झाली. जगात कुठेही युद्ध पेटले आणि निळ्या टोप्यांचे शांतिसैनिक हताशपणे उभे असल्याची छायाचित्रे आली की जो वाद सुरू होतो, त्यात हा किंवा असाच एखादा प्रसंग हमखास काढला जातो. एक पक्ष म्हणतो, अशा नखे-दात नसलेल्या संस्था बंद करा, पैसा तरी वाचेल. दुसरा म्हणतो, त्यांना नखे-दात द्या, स्वतःची फौज द्या, बड्या राष्ट्रांचा नकाराधिकार काढून घ्या. दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडत असले तरी दोघांचे गृहीतक एकच आहे: बळ वापरण्याचा अधिकार, म्हणजे जुन्या शब्दांत सांगायचे तर दंडशक्ती, ही या संस्थांना द्यायची राहून गेलेली एखादी वस्तू आहे. माझ्या मते वाद इथेच बिघडतो. दंडशक्ती द्यायची राहून गेलेली नाही. ती जाणूनबुजून आपल्या हाती ठेवून घेतली गेली आहे. शांतिसेनेच्या हातात कधी काठी दिसली तर ती उसनी असते, आणि देणारा ती केव्हाही परत मागू शकतो. काठी नसल्याने जितके जीव जातात, त्याहून अधिक घात काठी असल्याची बतावणी केल्याने होतो. वाद घालायचाच असेल तर तो या बतावणीवर घालायला हवा.

आधी ही काठी कोणी ठेवून घेतली ते पाहू. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९४५च्या सनदेत बळाची तरतूद नव्हती असे मुळीच नाही. कलम ४३ नुसार सभासद राष्ट्रांनी सुरक्षा परिषदेशी करार करून आपले सैन्य तिच्या हवाली ठेवायचे होते आणि कलम ४७ नुसार पाच बड्या राष्ट्रांच्या सेनाप्रमुखांची एक समिती त्या सैन्याची आखणी करणार होती. ही समिती बसलीदेखील. १९४७ मध्ये तिचा अहवाल आला आणि मतभेदांची यादीच बाहेर पडली. पाचही राष्ट्रांनी अगदी सारखे सैन्य द्यावे, असा सोव्हिएत संघाचा आग्रह होता. ज्याच्याकडे जे बळ अधिक, ते त्याने द्यावे, असे अमेरिकेचे म्हणणे होते. दोघांनाही भीती एकच होती, की समोरचा आंतरराष्ट्रीय गणवेश घालून आपल्या अंगणात येईल. त्यानंतर कलम ४३ खाली एकही करार झाला नाही. गंमत अशी की ती समिती कधी विसर्जित झाली नाही. संपूर्ण शीतयुद्धाच्या काळात ती नियमाने भरत राहिली आणि कामकाजाला विषय नसल्याने नियमाने उठत राहिली. ज्याला आपण शांतिसेना म्हणतो तिचे नाव सनदेत कुठेही नाही. १९५६ च्या सुएझ संकटात ती घाईघाईने उभी केली गेली, इतक्या घाईने की वेगळ्या टोप्या शिवायला वेळ नव्हता म्हणून अमेरिकी शिरस्त्राणांच्या आतल्या प्लॅस्टिकच्या टोप्यांवर निळा रंग फवारून त्या सैनिकांना दिल्या गेल्या. हा रंग आधी ओळखीसाठी होता. त्याला नैतिक वलय नंतर आले.

म्हणूनच शांतिसेनेला ‘जगाचा पोलीस’ म्हणणे मला चुकीचे वाटते. पोलिसाच्या हातातली काठी त्याची नसते हे खरे, पण तिच्या मागे एक कायदा, एक न्यायालय आणि एक तिजोरी असते, आणि चौकी चोरांच्या मालकीची नसते. इथे ज्यांच्याकडून शांततेला सर्वांत मोठा धोका संभवतो, त्यांतले पाच जण चौकीचे विश्वस्त आहेत. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणारा ठराव रशियाने नकाराधिकाराने पाडला, तेव्हा त्या महिन्याचे परिषदेचे अध्यक्षपदही रशियाकडेच होते. पुढच्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध २ मतांनी लष्करी कारवाई थांबवण्याचा आदेश दिला. आदेश कायदेशीर होता, बंधनकारक होता आणि तो बजावायला जगात एक शिपाईसुद्धा नव्हता. यात शांतिसेनेचा दोष काय काढायचा?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आधीच्या राष्ट्रसंघाची (लीग ऑफ नेशन्सची) कथा सर्वांच्या तोंडी असते, पण तीही अर्धीच सांगितली जाते. १९३५ च्या ऑक्टोबरात इटलीने ॲबिसीनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, स्वारी केली. राष्ट्रसंघाने इटलीला आक्रमक ठरवले, निर्बंध लादले. मात्र त्यांतून तेल वगळले. ब्रिटनच्या लष्करी पहाऱ्याखालचा सुएझ कालवा इटलीच्या जहाजांना खुला राहिला. सैनिकांनी आणि दारूगोळ्याने भरलेली ही जहाजे रीतसर पथकर भरून आक्रमणाला जात होती. मुसोलिनीला अडवायला सैन्य उभारण्याची गरजच नव्हती. तेलाचा नळ आणि कालव्याचे तोंड बंद करणे पुरेसे होऊ शकले असते. ब्रिटन आणि फ्रान्स यांना हिटलरविरुद्ध इटलीची मैत्री टिकवायची होती, म्हणून ते झाले नाही. आता याच्या शेजारी त्याच वर्षाच्या जानेवारीतला जर्मनी-फ्रान्स सीमेवरचा सार प्रांत ठेवून पाहा. तिथे सार्वमत घ्यायचे होते आणि त्याच ‘दुबळ्या’ राष्ट्रसंघाने ब्रिटिश, इटालियन, स्वीडिश आणि डच असे सुमारे ३,३०० सैनिक पाठवून ते शांततेत पार पाडले. ते जमले, कारण जर्मनीला आपण जिंकणार याची खात्री होती आणि फ्रान्सने तो प्रांत मनाने सोडलेला होता. एकच संस्था, एकच वर्ष, तीच सनद. मग तिची ताकद नेमकी कुठे होती?

आता ‘बळ द्या’ म्हणणाऱ्या पक्षाची सर्वांत बळकट बाजू. ती टाळून हा विषय बोलता येणार नाही. ११ जानेवारी १९९४ रोजी रवांडातील शांतिसेनेचे कॅनेडियन सेनापती रोमिओ डॅलेअर यांनी न्यूयॉर्कला संदेश पाठवला: एका खबऱ्याने शस्त्रसाठ्यांची माहिती दिली आहे, अल्पसंख्य तुत्सी जमातीच्या लोकांच्या याद्या तयार होत आहेत, ३६ तासांत छापा घालणार आहे. उत्तर आले, छापा तुमच्या अधिकारकक्षेत बसत नाही. माहिती राष्ट्राध्यक्षांच्या कानी घाला. म्हणजे ज्यांच्या गोटातल्या लोकांची ही तयारी होती, त्यांनाच ती कळवा. एप्रिलच्या ७ तारखेला शांतिसेनेतल्या दहा बेल्जियन सैनिकांची हत्या झाली आणि आपले उरलेले सैनिक काढून घ्यायचे बेल्जियमने ठरवले. राजधानी किगालीतल्या एका तंत्रशाळेच्या आवारात सुमारे दोन हजार माणसे बेल्जियन सैनिकांच्या आसऱ्याला आली होती. ११ एप्रिलला त्या सैनिकांना निघून जाण्याचा हुकूम आला. फाटकाबाहेर मारेकरी वाट पाहत उभे होते. लोक गाड्यांना आडवे झाले, गाड्या निघून गेल्या आणि त्यांतली बहुतेक माणसे त्याच दिवशी मारली गेली. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने अडीच हजारांची ती सेना २७० वर आणण्याचा ठराव केला. शंभर दिवसांत मृतांचा आकडा आठ लाखांच्या आसपास पोहोचला. तिथे कुऱ्हाडी आणि कोयते घेतलेल्या टोळ्यांसमोर, अधिकार असलेले पाच हजार शिस्तबद्ध सैनिक फार काही करू शकले असते, हे डॅलेअर यांचे मत खोडून काढावे असे मला कधी वाटले नाही. तेव्हा ‘बळाची गरजच नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसत नाही.

पण मग त्या तंत्रशाळेकडे पुन्हा एकदा पाहावे लागते. ती दोन हजार माणसे तिथे का जमली होती? निळा झेंडा दिसला म्हणून. तो झेंडा तिथे नसता तर त्यांतली काही जंगलात, काही ओळखीच्यांकडे, काही सीमेकडे गेली असती. सगळी वाचली असती असे नाही, पण एका आवारात मोजून हाती लागली नसती. हीच गोष्ट बोस्नियात अधिक रीतसरपणे, ठरावाच्या शिक्क्यानिशी घडली. मार्च १९९३ मध्ये बोस्नियन सर्बांच्या वेढ्यात सापडलेल्या स्रेब्रेनित्सा गावात फ्रेंच जनरल फिलिप मोरियाँ पोहोचले. बायका-मुलांनी त्यांच्या गाड्या अडवून त्यांना जाऊ दिले नाही. शेवटी टपाल कचेरीतून त्यांनी जमावाला सांगितले, की तुम्ही आता संयुक्त राष्ट्रसंघाच्या संरक्षणाखाली आहात, मी तुम्हाला सोडून जाणार नाही. पुढच्या महिन्यात परिषदेने ते गाव ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले. जुलै १९९५ मध्ये तिथे चारशेच्या आसपास डच सैनिक उरले होते. सर्बांनी इंधनाच्या गाड्या अडवल्यामुळे ते पायी गस्त घालत होते आणि रजेवर गेलेल्या त्यांच्या सोबत्यांना परत येऊ दिले जात नव्हते. ११ जुलैला विमानांनी थोडे बाँब टाकले. ताब्यातल्या डच सैनिकांना ठार करू अशी धमकी सर्बांनी देताच तेही थांबले. आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्या गावातल्या लोकांकडून शस्त्रे जमा करण्याची अटही ‘सुरक्षित क्षेत्रा’च्या सौद्यात होती, हे विसरू नये. रखवालदार देतो म्हणून सांगायचे, घरातली कुऱ्हाड काढून घ्यायची आणि रखवालदार मात्र बिनकाठीचा पाठवायचा, याला दुबळेपणा म्हणणे फार सौम्य झाले.

इथे एक विलक्षण योगायोग आहे, ज्याकडे वादात कोणी लक्ष देत नाही. बोस्नियात त्या वेळी संयुक्त राष्ट्रसंघाचे प्रमुख प्रतिनिधी होते तेच यासुशी अकाशी, बांबूच्या काठीवरून मागे वळलेले. हवाई हल्ल्यासाठी नाटो आणि संयुक्त राष्ट्रसंघ अशा दोघांची संमती लागे, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या बाजूची किल्ली अकाशींच्या मोहिमेकडे होती. माणूस तोच, संयम तोच, बळ वापरण्याविषयीचा संकोचही तोच. मग कंबोडियात काय झाले? काठीपुढे माघार घेऊन संयुक्त राष्ट्रसंघाची अब्रू गेली, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. मोहिमेतलेच एक फ्रेंच जनरल बळाचा वापर करावा असा आग्रह धरून होते. तो आग्रह मानला गेला नाही. एका वर्षाने, मे १९९३ मध्ये, ख्मेर रूजच्या बहिष्काराला न जुमानता नव्वद टक्क्यांच्या आसपास मतदारांनी मतदान केले, आणि आणखी काही वर्षांत ख्मेर रूजचा अस्त झाला. त्या दिवशी काठी मोडून आत घुसले असते तर अनेक देशांच्या तुकड्या जंगलातल्या युद्धात अडकल्या असत्या आणि निवडणूक झालीच नसती, असे मानायला बरीच जागा आहे.

एकाच माणसाचा एकच संयम एका ठिकाणी शहाणपण ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी नामुष्की, याचा अर्थ कळ सैनिकाच्या बंदुकीत किंवा सेनापतीच्या स्वभावात नाही. कंबोडियात चारही गटांनी करारावर सह्या केल्या होत्या, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या पाठीराख्यांनीही केल्या होत्या. चीनला आता ख्मेर रूजचा भार नको झाला होता, सोव्हिएत संघ कोसळला होता, व्हिएतनामने आपले सैन्य आधीच काढून घेतले होते. थाई सीमेवरून लाकडाचा आणि रत्नांचा व्यापार चालूच राहिला आणि म्हणूनच ख्मेर रूज लगेच संपली नाही. पण तिच्यामागे आता कोणी बडे राष्ट्र उभे नव्हते. बोस्नियात करारच नव्हता आणि बडी राष्ट्रे आपसांत फाटलेली होती. करार झाला तो डेटनला, १९९५ च्या अखेरीस. त्यानंतर नाटोचे सुमारे ६० हजार सैनिक आले आणि त्यांना फारशी गोळी झाडावी लागली नाही. महाभारतातली कृष्णशिष्टाई फसली, ती कृष्णाकडे सैन्य नव्हते म्हणून नव्हे. त्याचे सैन्य आधीच दुर्योधनाकडे गेलेले होते! भांडणाऱ्यांना रसद कोण पुरवतो आणि ती तोडण्याची कोणाची तयारी आहे, हा शांतता राखण्यातला पहिला प्रश्न आहे. सैनिकाच्या हातात काय आहे, हा दुसरा.

याची उलटतपासणी घ्यायची तर जिथे काठी दिली गेली तिथे काय झाले ते पाहावे. सिएरा लिओनमध्ये मे २००० मध्ये बंडखोरांनी सुमारे पाचशे शांतिसैनिक ओलीस धरले. कैलाहून इथे भारताच्या गुरखा पलटणीच्या दोन तुकड्या जवळजवळ अडीच महिने वेढ्यात होत्या आणि जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ या धडक मोहिमेने त्या सोडवल्या गेल्या. त्याआधी ब्रिटनने आपले सैन्य फ्रीटाउनमध्ये उतरवले होते. पुढे ती शांतिसेना साडेसतरा हजारांवर गेली आणि २००५ च्या अखेरीस काम पुरे करून परतली. बळाचे समर्थक हे उदाहरण अभिमानाने देतात, ते योग्यच आहे. परंतु ते सांगताना मार्च २००१ गाळतात. त्या महिन्यात परिषदेने बंडखोरांचा पाठीराखा असलेल्या लायबेरियाच्या हिऱ्यांवर बंदी घालण्याचा ठराव केला. बंडखोर लढाईत हरले तितकेच बाजारातही हरले.

काँगोचे उदाहरण याहून बोलके आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये एम-२३ या बंडखोर गटाने गोमा शहर घेतले तेव्हा शांतिसेना तिथे हजर होती आणि बघत राहिली. जगभर छी-थू झाली. मार्च २०१३ मध्ये परिषदेने दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावी यांच्या सुमारे तीन हजार सैनिकांची एक खास ब्रिगेड मंजूर केली आणि बंडखोरांवर चाल करून जाण्याचा अधिकार तिला उघड शब्दांत दिला. नोव्हेंबरपर्यंत एम-२३ चा पराभव झाला. दंडशक्तीचा याहून चोख पुरावा कोणता? पण त्याच सुमारास अनेक देणगीदार देशांनी रवांडाची मदत रोखली होती, कारण बंडखोरांना रवांडाचा पाठिंबा असल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाच्याच तज्ज्ञांनी म्हटले होते. रवांडाने ते नाकारले. वर्षे गेली, दबाव ओसरला, एम-२३ पुन्हा उभी राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये गोमा दुसऱ्यांदा पडले. शांतिसेना तीच होती, ब्रिगेडचा अधिकारही कागदावर कायम होता. फरक पडला होता तो काठी उसनी देणाऱ्यांच्या मनात.

आता दुसऱ्या टोकाचा पक्ष. त्याचे म्हणणे असे, की शांतिसेनेचे बळ तिच्या निःपक्षपातात आणि यजमान देशाच्या संमतीत असते. हाती काठी आली की ती भांडणातला आणखी एक पक्ष होते. यातही तथ्य आहे. १९९३ मध्ये सोमालियात संयुक्त राष्ट्रसंघाने बळाने निःशस्त्रीकरण करायला घेतले. जूनमध्ये २४ पाकिस्तानी सैनिक मारले गेले, ऑक्टोबरात १८ अमेरिकी, आणि १९९५ मध्ये सगळे गाशा गुंडाळून परतले. शिवाय निःशस्त्र धैर्याचे मोल मी तरी कमी लेखणार नाही. १९५३ मध्ये कोरियात मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची राखण भारतीय तुकड्यांकडे आली, त्यांचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला तळाच्या आत ओढून ओलीस धरले, तेव्हा थोरात मोजक्या साथीदारांनिशी हजारो संतप्त कैद्यांच्या त्या कुंपणात शिरले आणि बोलून त्याची सुटका करून बाहेर आले. त्या दिवशी गोळीबाराचा हुकूम झाला असता तर काय घडले असते याची कल्पनाच करावी. मात्र त्या धैर्याचीही मर्यादा लगेच दिसली: बहुतेक कैदी मायदेशाच्या प्रतिनिधींचे म्हणणे ऐकायला समोर आलेच नाहीत, त्यांना आणण्याची सक्ती करायची की नाही यावर तटस्थ राष्ट्रांच्या आयोगातच एकमत नव्हते, आणि जानेवारी १९५४ मध्ये त्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या यांनी ते कैदी ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याच हवाली केले.

संमतीचेही तसेच. सुएझनंतरची शांतिसेना दहा वर्षे सीमेवर शांतता राखून होती, पण ती फक्त इजिप्तच्या भूमीवर, कारण इस्रायलने तिला आपल्या बाजूला जागा दिली नव्हती. मे १९६७ मध्ये नासर यांनी ती काढून घ्यायला सांगितले आणि सरचिटणीस ऊ थांट यांनी ते मानले. ५ जूनला युद्ध पेटले तेव्हा माघारीसाठी थांबलेले काही भारतीय जवानही गाझात त्या आगीत सापडून मारले गेले. ऊ थांट यांना पुष्कळ दूषणे दिली गेली. पण यजमानच जा म्हणतो आहे आणि ज्यांचे सैनिक आहेत ते देशही काढून घ्यायला तयार आहेत, अशा वेळी तिथे कोणाच्या जोरावर थांबायचे होते? मालीत २०२३ मध्ये लष्करी राजवटीने शांतिसेनेला हाकलले. तिला बळ वापरण्याचा अधिकार होता आणि तीनशेहून अधिक माणसे तिने गमावली होती. तेव्हा संमतीचे तत्त्व म्हणजेही उसनवारीच; फक्त सावकार वेगळा.

राहता राहिला कायमस्वरूपी फौजेचा प्रस्ताव. तो नवा नाही. पहिले सरचिटणीस ट्रिग्वी ली यांनी १९४८ मध्ये एक छोटे रक्षकदल मागितले होते. तेही बड्यांना जड वाटले. नव्वदच्या दशकात राष्ट्रांनी सैनिक ‘तयार ठेवण्या’ची वचने दिली. मे १९९४ मध्ये रवांडातली सेना वाढवायचे ठरले तेव्हा अशी वचने देणारी १९ सरकारे होती. त्यांतल्या एकानेही एक तुकडी देऊ केली नाही. समजा, उद्या वीस हजारांची स्वतंत्र फौज उभी राहिली. तिला हुकूम कोण देणार? परिषद देणार असेल तर नकाराधिकार आहेच. आमसभा देणार असेल तर बहुमताच्या ठरावावर कोणत्या अण्वस्त्रधारी राष्ट्रावर ही फौज चाल करून जाणार? १९५० मध्ये सोव्हिएत प्रतिनिधी परिषदेवर बहिष्कार घालून बसले असताना कोरियात बळ वापरण्याचा ठराव झाला, म्हणजे नकाराधिकार नसल्यासारखीच स्थिती होती. त्यातून निघाले ते तीन वर्षांचे युद्ध, ज्यात चीन आणि अमेरिका समोरासमोर लढले. नकाराधिकार अन्यायाचा आहे हे मी मान्य करतो. तो गेल्याने बलाढ्यांची इच्छा बदलेल, हे मात्र पटत नाही.

आणि पैसा? १९६० ते १९६४ या काळात काँगोत जवळजवळ २० हजारांची सेना गेली, कटांगा प्रांताचे बंड तिने बळाने मोडले, भारताचे कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांच्यासारखे अनेक तिथे कामी आले. फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी खर्चाचा वाटा देण्यास नकार दिला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो खर्च संघटनेचाच आहे असे मत दिले, तरी दिला नाही. सनदेप्रमाणे थकबाकीदाराचा आमसभेतला मताधिकार जायला हवा होता. तो काढायची वेळ येऊ नये म्हणून १९६४ च्या अधिवेशनात जवळजवळ मतदानच घेतले गेले नाही. २०२४-२५ मध्ये सगळ्या शांतिमोहिमांचे वर्षाचे अंदाजपत्रक साडेपाच अब्ज डॉलरच्या आसपास होते, तर २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २,७०० अब्ज डॉलरच्या घरात होता. थकबाकी मात्र राहते ती त्या साडेपाच अब्जांतच.

त्याहून टोचणारी गोष्ट अशी, की ठराव लिहिणारे आणि मरणारे वेगळे आहेत. आजच्या शांतिसेनांत नेपाळ, बांगलादेश, भारत, रवांडा, पाकिस्तान अशा देशांचे सैनिक बहुसंख्य आहेत; न्यूयॉर्कमध्ये बसून ठरावात ‘आवश्यक ते सर्व उपाय’ हे बळाची मुभा देणारे शब्द घालणाऱ्या राष्ट्रांतून चीन वगळता फारसे कोणी पायदळ पाठवत नाही. मग गोळीबाराच्या क्षणी तुकडीचा अधिकारी मोहिमेच्या सेनापतीकडे न पाहता आपल्या राजधानीला फोन लावतो, याचे नवल कशाला? वास्तविक कलम ४४ मध्ये सैन्य देणाऱ्या राष्ट्राला त्या सैन्याविषयीच्या निर्णयात सहभागी करून घेण्याची तरतूद आहे. कलम ४३ निजले, त्याबरोबर तेही निजले. ते जागे केले तर ठराव कमी होतील, त्यांची भाषा मवाळ होईल, अशी ओरड होईल. व्हावीच. जो देश आपली माणसे पाठवणार आहे तो ‘सुरक्षित क्षेत्र’ हे दोन शब्द लिहिण्याआधी सैनिक मोजेल, इंधनाचा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते विचारेल आणि शक्य नसेल तर नाही म्हणेल. ते ‘नाही’ ऐकून त्या गावातली माणसे निदान आपली शस्त्रे टाकणार नाहीत आणि आपला रस्ता वेळेत शोधतील.

म्हणून पुढच्या वेळी एखादा ठराव झाला, की त्यात बळाच्या वापराला परवानगी देणारे सनदेचे ‘सातवे प्रकरण’ आले की नाही यावर वाद घालण्याऐवजी मागितलेले सैन्य आणि मिळालेले सैन्य यांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. हे आकडे कधीच गुप्त नसतात. जून १९९३ मध्ये बोस्नियातल्या सुरक्षित क्षेत्रांना धाक बसेल इतके बळ द्यायचे तर सुमारे ३४ हजार जास्तीचे सैनिक लागतील, असे सरचिटणीसांनी परिषदेला लेखी कळवले होते. परिषदेने ७,६०० मंजूर केले, क्षेत्रांच्या नावातला ‘सुरक्षित’ हा शब्द तसाच ठेवला आणि सभा उठली. तेव्हा स्रेब्रेनित्सा पडायला दोन वर्षे बाकी होती.